जगण्यातला ज

ल्यूटनच्या वृद्धाश्रमात, मागच्या धुलाईखोलीत
रात्री सव्वाआठला ड्रायर सुरू करून
माई तादिवा फोन उभा करते
साबणाच्या डब्याला टेकवून.

तिचं नाव न्यारादझो. पण त्यांच्यात
पहिलं मूल झालं की बाई त्याच्या नावाची आई होते,
आणि आईला म्हणतात माई.
पहिल्या दिवशी मी दोनदा विचारलं.
माईच? हो, माईच.
तेवढ्यावर आमचं जमलं.

फोनमध्ये तादिवा, नऊ वर्षांचा, पायजम्यात,
एक डोळा टीव्हीवर.
तो पाच वर्षांचा असताना शाळेतल्या बाईंनी
गोड हसून सांगितलं होतं,
घरी इंग्रजीच बोला, त्याला सोपं जाईल.
तिनं ऐकलं. तीन वर्षं ऐकलं.
आता त्याला शोना सगळी समजते,
पाणी आण, दार लाव, मार खाशील.
उत्तर मात्र इंग्रजीत येतं,
शेजारच्या घरातून आल्यासारखं.

तिच्या गावाकडं, गुटूला,
गोष्ट एकटीला सांगताच येत नाही.
सांगणारी म्हणते, पाइवापो, एकदा काय झालं,
की ऐकणाऱ्यांनी म्हणायचं, जेप्फुंदे.
प्रत्येक वाक्याला. नाही म्हटलं
तर गोष्ट तिथंच बसते, अडेल गाढवासारखी.
मी म्हटलं, आमच्यात हुंकार.
'हुं' दिला नाही तर राजा उंबऱ्यातच ताटकळायचा.
(माझ्या सानिकाला मी 'हुं' द्यायला शिकवलंच नाही.
तिच्या गोष्टी वाचनालयातून यायच्या,
परतीच्या तारखेचा शिक्का मारून.)

त्या रात्री ससा होता. दुष्काळ पडलाय,
सगळी जनावरं विहीर खणतायत,
ससा म्हणतो, माझे पाय दुखतात.
माई थांबली.
फोनमधून काही नाही.
पुन्हा तेच वाक्य. पुन्हा काही नाही,
टीव्हीत कुणीतरी हसलं.
ड्रायरमध्ये कुणाच्या तरी शर्टाचं बटण
खट् खट् आपटत राहिलं.
माईचा हात चादरीच्या टोकावर.
दुसरं टोक माझ्या हातात.

मी म्हटलं, "जेपुंदे."

का म्हटलं कोण जाणे. चादर अर्धीच घडी झाली होती,
म्हणून असेल.

आधी शांतता. मग पोरगा असा खिदळला
की फोन घसरून पावडरीत पडला.
नो नो नो, आंटी! मग सगळं इंग्रजीत:
ओठ मिट, आणि दातांतून फुंकर सोड,
प आणि फ एकाच घासात, ऐक,
जेप्फुंदे. आता तू.
मी. परत तो. परत मी. सहा-सात वेळा.
पण तुझा ज बरोबर आहे, म्हणाला,
माझ्या वर्गात कुणालाच जमत नाही.

ज मला जमणारच होता.
आमच्याकडे दोन असतात बाळा,
एक जन्मातला, एक जगण्यातला.
तुझा तो जगण्यातला.
हे त्याला इंग्रजीत सांगता येईना.

माई पाठमोरी, ड्रायरची जाळी साफ करत होती,
लागतो त्याहून जास्त वेळ.
मग घसा खाकरून म्हणाली, कासव चिखलात दडलं.
तिकडं टीव्हीचा आवाज बंद झाला.
जेप्फुंदे, म्हणाला तादिवा.
माझं अर्धा क्षण मागून.

तेवढ्यात चौदा नंबरची घंटी. हॉलंडबाई पडल्या होत्या.
ससा विहिरीच्या काठावर,
एक पाय कासवाच्या तोंडात,
तसाच राहिला.

सकाळी बसथांब्यावर माई विचारते, मरारा हेरे?
झोप लागली का?
उत्तर ठरलेलं असतं: तुम्हाला लागली असेल, तर मलाही.
दोघी रात्रभर उभ्या होतो.
तरी मी तेच म्हणते, तिच्या भाषेत, चुकत.

बसमध्ये सानिकाला मेसेज लिहिते.
'एकदा काय झालं.'
एवढंच.
दोन खुणा निळ्या होतात.
बस विमानतळाच्या चढाला लागते.